मारुतीपर्यंत दौड

आमच्या घरी घोडी आहे म्हटलं की लोकांना वाटतं, काय थाट असेल! थाट नवरदेवाचा असतो, घोडी भाड्याची असते. पडेगावात घरामागं आमचा पत्र्याचा तबेला आहे आणि त्यात एक पांढरीशुभ्र, गुलाबी नाकाची घोडी. लग्नाआधी नवरदेवाला घोडीवर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेतात, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. हलगी वाजली की आमची घोडी जागच्या जागी नाचते आणि देवळासमोर आली की थांबते. नवरदेव उतरेपर्यंत हलत नाही. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती शिंगरू होती तेव्हा तिच्या पुढच्या पायांत आखूड दोरी बांधून तिला हे नाचणं शिकवलं.

लग्नसराई नसली की सकाळी तिला माळावर फिरवून आणायचं काम माझ्याकडं होतं. फिरवण्याच्या नावाखाली मी काय करते, हे अण्णांना चांगलं ठाऊक होतं. पण माझी बारावी संपत आली आणि घरातला सूर बदलला. पोरगी मोठी झाली, आता माळावर घोडी पळवणं बास. मला भांडी घासतानासुद्धा गुदमरल्यासारखं व्हायचं. माळ खिडकीतून दिसायचा, तेच जास्त वाईट.

दौलताबादच्या रस्त्याला घोडेस्वारी शिकवणारी एक शाळा आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्या तिथल्या सरांनी मला एकदा माळावर पाहिलं आणि ते थेट घरी आले. "आमच्या वार्षिक कार्यक्रमात हिला बसू द्या," ते अण्णांना म्हणाले. "घोडी नीट पळाली तर दोघींना घेतो. मुलीला शिकवतो, घोडी शाळा विकत घेईल."

अण्णांनी सुपारी कातरली. मग म्हणाले, "सगळ्यांसमोर सरळ पळाली तर न्या दोघींला. नाय पळाली, तर परत हा विषय माझ्या दारात नाय पायजे."

कार्यक्रम होता घोडेस्वारीच्या इतिहासाचा. एकच स्वार काळातून प्रवास करत येतो: आधी यादवांचा, मग मोगलांचा, मराठ्यांचा, निजामाचा आणि शेवटी आजचा. प्रत्येक काळात मैदान पळत ओलांडायचं, कनातीमागं जाऊन कपडे बदलायचे आणि पुढच्या शतकात निघायचं. तालमीत घोडी अशी धावली की सरांचा हात आपोआप मिशीवर गेला. फक्त तालमीत वाजंत्री नव्हती. हलगीवाले थेट कार्यक्रमालाच येणार होते. सरांनी ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही, अण्णांच्याही डोक्यात आलं नाही. असल्या कार्यक्रमात हलगी असणारच, एवढं आम्हा घोडीवाल्यांना कळू नये!

समोर देवगिरीचा किल्ला, मैदानाभोवती गर्दी. "यादवांचा स्वार! साधी रिकीब, साधं खोगीर, खाली जाड घोंगडी!" सूत्रधारानं आरोळी दिली आणि हलगी कडाडली. घोडीनं कान टवकारले, पुढचा पाय उचलला आणि नाचायला लागली.

मी टाचा मारल्या, मान थोपटली, लगाम सैल सोडला. काही उपयोग नाही. लोक आधी हसले, मग टाळ्या वाजवायला लागले. अखेर दोघांनी लगामाला धरून आम्हाला कनातीमागं ओढत नेलं. मोगलांच्या काळात माझ्या अंगावर लोखंडी कड्यांचं चिलखत होतं. त्याच्या कड्या खोगिराच्या पट्ट्यात अडकल्या. मला उतरता येईना, घोडी पुढं सरकेना आणि सूत्रधार सांगतोय की हे घोडदळ वाऱ्यासारखं दख्खनवर आलं. मराठ्यांच्या काळात मी भाला घेऊन जागेवरच उड्या खात होते. कुणाच्याही हाती लागले असते. निजामाच्या काळात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट होता, आणि गर्दीतले दोघे-तिघे पुढं येऊन वरातीत नाचतात तसे घोडीसमोर नाचायला लागले.

शतकं पुढं जात होती आणि मी तिथंच. मला रडू फुटलं. घोडीचा इतका राग आला की चाबूक उगारला, आणि तेव्हा खाली तिच्या पायांकडं लक्ष गेलं. दोरी कधीच सुटली होती, पण पावलं अजून तेवढ्याच दोरीत पडत होती. माझा हात खाली आला.

शेवटच्या काळासाठी हेल्मेट घालून बाहेर आले ती ओरडतच. "हलगी बंद करा! आधी ती हलगी बंद करा!" सरांनी हात वर केला. एकदम शांतता झाली. घोडी थबकली. मी पुढं वाकले आणि ती निघाली.

काय निघाली! मैदान संपलं, उघड्या फाटकातून ती बाहेर पडली. अण्णा "आवर, आवर!" ओरडत होते. मी आवरलं नाही. रस्त्याकडेच्या मातीवरून पडेगावच्या दिशेनं आम्ही सुटलो होतो आणि मी मोठमोठ्यानं हसत होते. मला वाटलं, सुटलो. दोघी सुटलो.

पुढं रस्त्याकडेला मारुतीचं देऊळ आहे, परण्याला नवरदेव आणतात तेच. तिथं ती हळू झाली, वळली आणि बरोबर पायरीसमोर मान खाली घालून उभी राहिली. मी टाच मारली. ढिम्म हलली नाही. पारावरच्या म्हाताऱ्या बाबांनी माझ्याकडं नीट पाहून विचारलं, "नवरदेव कुठंय, बाई?"

मागून मोटारसायकलवर सर आणि अण्णा आले. मी अजून वरच होते. सर म्हणाले, "पोरीची बैठक पक्की आहे. तिला घेतो. शाळेचे घोडे आहेत तिला. घोडी नको, ही दर वेळी इथंच थांबणार."

अण्णा घोडीच्या मानेवरचा घाम पुसत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "शेवटी सरळ पळाली, ते खरं. जा तू."

"आन ही?"

"हिला संध्याकाळी परण्या हाय."

आता मी शाळेचे घोडे पळवते. चांगले आहेत, सांगितलं तिकडं जातात. मी तिला मागं ठेवून निघाले, याचं मला अजून वाईट वाटतं. सुट्टीला घरी आले की तिला माळावर नेते. हलगी नसते, माणसं नसतात, ती खुशीत धावते. पण परतताना आता मी रस्त्यानं येते, आणि ते देऊळ आलं की ती थांबते. पहिल्यांदा मी हट्टानं वरच बसून राहिले. ऊन चढलं तरी ती हलली नाही. माझ्या उतरण्याची वाट बघत राहिली.

आता मी लगेच उतरते. मारुतीच्या पाया पडते, लगाम हातात घेते आणि आम्ही दोघी घरी चालत जातो.