जेवायचं कोण राहिलं?

एकाहत्तरच्या हिवाळ्यात मी फौजेत नाईक होतो. आमची इंजिनिअर कंपनी पूर्वेच्या सरहद्दीवर होती. पूल बांधणं, सुरुंग काढणं आणि पुढे जाणाऱ्या पायदळाला वाट करून देणं हे आमचं काम. हे आधीच सांगतो, कारण गावात लोकांना वाटतं की फौजेत प्रत्येकाच्या हातात बंदूक असते आणि तो दिवसभर ती चालवत असतो. माझ्या हातात बहुतेक वेळ फावडं असायचं.

कंपनीच्या लंगरमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरात, सुदाम खंदारे होता. माझ्याच गावचा. ताडकळसच्या रस्त्यावर एसटीतून उतरलं की डाव्या हाताला आमची आळी. उजव्या हाताला, ओढ्यापलीकडे, त्यांची वस्ती. छप्पननंतर ती सगळी घरं बौद्ध झाली. गावात मी सुदामच्या घरचं पाणी कधी प्यायलो नव्हतो. फौजेत कित्येक वर्षं त्याच्या हातची रोटी खाल्ली.

कंपनीत पंजाबी, मद्रासी, गढवाली सगळे होते. रांग एकच. सगळ्यांना वाढून झालं की सुदाम पळीने डेगचीच्या काठावर ठोका मारायचा आणि ओरडायचा, "कोई रह गया?" उत्तर आलं नाही की मगच तो स्वतःची थाळी घ्यायचा. कुणी गस्तीवरून उशिरा येणार असेल तर त्याचं जेवण झाकून ठेवायचा आणि स्वतःही थांबायचा. सुभेदारसाहेबांनी एकदा विचारलं, "खंदारे, तू कभी गरम खाना खाता है?"

"साब, लंगरवाले का खाना पेट में जाके गरम होता है."

सुभेदारसाहेब क्वचित हसायचे. त्या दिवशी हसले.

लढाईच्या आधी एकदा आम्हा दोघांना एकत्र रजा मिळाली होती. परभणीहून एसटीत बसलो. गाव जवळ आलं तशी मला माय आठवू लागली. माझी माय जुन्या वळणाची. शिवाशिव पाळणारी. सुदाम काय काम करतो हे तिला कळलं, तर मी कुणाच्या हातचं खातो हेही कळणार होतं. मी म्हणालो, "सुदाम, गावात कुणी विचारलं तर तू गन चालवतोस म्हणून सांग."

त्याने खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाला, "हे माह्यासाठी का तुह्यासाठी?"

मी मांडीवरच्या पिशवीचा बंद आवळत बसलो.

"बरं, दत्त्या," तो म्हणाला. "पर कोणती गन ते सांगून ठिव. माही पोरगी लय खोदून इचारती."

मी त्याला मशीनगनचं नाव शिकवलं. त्याने ते दोनदा म्हणून बघितलं आणि हसला. तो हसला म्हणून मी त्या वेळी ही गोष्ट मिटली असं धरलं.

डिसेंबरात आम्ही एका नदीवर पूल टाकत होतो. पलीकडच्या काठावर शत्रूच्या तोफा होत्या. चिखल असा की बूट रुतला की पायच बाहेर यायचा. आपल्याकडच्या काळ्या रानात पाऊस पडल्यावर होतो तसाच. आदल्या दुपारपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. सकाळी धुकं होतं. वायरलेस सेट माझ्याजवळ होता. सुभेदारसाहेब म्हणाले, "पूछो, खाना कब आएगा."

मी विचारलं, "राशन पार्टी निकली क्या? ओव्हर."

"निकली. खंदारे खुद ला रहा है. ओव्हर."

थोड्या वेळाने धुकं उठलं. गोळे पडू लागले. सुदाम आणि एक जवान दांड्याला डेगची अडकवून उघड्या शेतातून येत होते. वाकून चालत होते. गोळ्याची शीळ ऐकली की आडवं पडायचं, ही फौजेतली पहिली शिकवण. जवान आडवा पडला. सुदामने आधी डेगची खाली टेकवली, सरळ केली, आणि मग तो वाकला. तेवढ्यात जे व्हायचं ते झालं.

आम्ही पोचलो तेव्हा तो गेला होता. डेगची उभी होती. झाकण हललं नव्हतं. आत डाळ-तांदळाची खिचडी होती, गरम.

कुणी हात लावेना. सुभेदारसाहेबांनी झाकण काढलं आणि म्हणाले, "खाओ. वो इसी के लिए आया था. बैठो, खाओ." आम्ही खाल्लं. मीही खाल्लं. त्या दिवशी डेगचीवर ठोका पडला नाही. कोण राहिलं, हे कुणी विचारलं नाही. संध्याकाळी पूल पूर्ण झाला आणि पायदळ पलीकडे गेलं.

लढाई संपल्यावर मी रजेवर आलो. पारावर लोक जमले. सुदाम कसा गेला, असं विचारलं. मी सांगितलं, मशीनगन चालवता चालवता गेला. खूप जणांना रोखून धरलं होतं त्याने. लोकांनी मान डोलावली. सुदामची बायको शेवंता लांब उभी होती, पोरीचं बोट धरून. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि ती पोरीला घेऊन निघून गेली. मला वाटलं, दुःखाने गेली.

मी स्वतःला समजावलं की हे त्याच्या मानासाठी केलं. स्वयंपाकी म्हणून गेला म्हणण्यापेक्षा गनर म्हणून गेला म्हणणं बरं. पण एसटीतला त्याचा प्रश्न मला ठाऊक होता.

पुढे पेन्शन घेऊन मी गावी आलो. दुष्काळ सरला होता. येलदरी धरणाच्या कालव्याचं पाणी रानात खेळू लागलं होतं. डिसेंबरातल्या सैनिकांच्या ध्वजदिनाच्या आधी शाळेतले गुरुजी घरी आले. सोनपेठकडचे, तरुण होते. कागदी झेंडे पोरांच्या छातीला लावून त्यांना दोन शब्द सांगावेत, एवढंच काम असेल असं मला वाटलं.

गुरुजी म्हणाले, "खंदाऱ्यांची उज्ज्वला शाळेत येईना झालीय. बाजारात एक फौजी भेटला होता पोरांना. तुमच्याच कंपनीतला. तो म्हणाला, खंदारे लंगरमध्ये होता. तेव्हापासून पोरं तिला पळीवाली म्हणतात. तुझ्या बापानं दुश्मनाला पळीनं हाणलं का, म्हणतात. तिनं एकाचं डोकं फोडलं आणि घरी बसली. हुशार पोरगी आहे हो. यंदा चौथीची परीक्षा आहे. खरं काय ते तुम्हीच पोरांना सांगा."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी ओढा ओलांडला. शेवंता अंगणात तूर पाखडत होती. उज्ज्वला उंबऱ्यात बसली होती. मला बघून म्हणाली, "जयभीम काका," आणि तोंड फिरवलं.

मी म्हणालो, "वहिनी, मी गावाला खोटं सांगितलं."

शेवंताने सूप थांबवलं नाही. "मला ठाव हाय."

"कधीपासून?"

"ते रजेवर आल्ते तवापून. नवरा मव्हा. मला न्हाई सांगणार का? रातच्याला हसायलेले, म्हणं, दत्त्यानं मला गन देली, पर गोळ्या न्हाई देल्या."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तेच म्हणले, दत्त्याला घरात मायसंगं राहायचंय, गप ऱ्हा." आता तिने सूप खाली ठेवलं. "पर भाऊ, ह्या पोरीनं काय करायचं? तिच्या बापाची तुमाला लाज वाटली. आता तिला बी वाटायलीय."

मी विचारलं, "खिचडी सुदामसारखी जमते का तुम्हाला?"

"जमती का? त्यास्नी कुणी शिकवली मंग?"

"उद्या शाळेत करून आणाल? डाळ-तांदूळ मी आणतो. मी सगळ्यांसमोर खाईन."

"आन् तुमची माय?"

"तिला आज सांगतो."

मायला सांगितलं. ती चुलीपुढे होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "इतकी सालं?"

"हो."

"आन् त्येच हात लावून तू माह्या घरात भांडी शिवलास."

"हो, माय."

त्या सांजेला तिने माझं ताट दाराबाहेर ओसरीवर ठेवलं. मी तिथे बसून जेवलो.

शाळेमागे गव्हाचं रान होतं. नुकतंच पाणी दिलेलं. मी माझ्या घरची डेगची पाण्याने भरून आणली, वर झाकण घातलं आणि तिला दांडा लावला. पोरं रांगेत उभी होती. छातीवर झेंडे. त्यांना बंदुकीची गोष्ट हवी होती. मी म्हणालो, "आज गोष्ट नाही. काम आहे. दोघादोघांनी ही डेगची बांधापासून त्या बाभळीपर्यंत न्यायची. वाकून. मी शिट्टी मारली की आडवं पडायचं. पाणी सांडता कामा नये."

पहिली जोडी चार पावलांत घसरली. पोरं खिदळली. दुसरी जोडी बाभळीपर्यंत गेली, पण मी शिट्टी मारली तशी आडवी पडली आणि डेगची त्यांच्याच अंगावर आली. सगळ्यांनी करून बघितलं. सगळे चिखलाने माखले. गुरुजींनीही धोतर खोचून एक फेरी केली आणि सपशेल लोळले, त्यावर तर पोरं वेडीच झाली. ज्याचं डोकं उज्ज्वलाने फोडलं होतं तो बंडू, पाटलांचा नातू, शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काका, ह्ये व्हतच न्हाई. एक तर मान्सानं पडावं, न्हाईतर डेगची तरी धरावी. दोनी कसं व्हईल?"

"नाही होत," मी म्हणालो. "म्हणून सुदाम खंदाऱ्याने डेगची धरली."

पोरं जवळ सरकली. मी त्यांना सगळं सांगितलं. पूल, धुकं, वायरलेसवर जेवण मागणारा आवाज माझा होता हेही. मशीनगनची गोष्ट मी रचली होती आणि ती का रचली होती, तेही सांगितलं. लहान मुलांना असलं सांगावं की नाही, मला माहीत नाही. त्यांच्यातलं एक पोर माझ्या आळीतलं होतं, ते खाली बघत होतं.

बंडूने विचारलं, "काका, ते पडले तवा डेगची सांडली का?"

"नाही. झाकणसुद्धा हललं नाही."

त्याने चिखलातल्या रिकाम्या डेगचीकडे बघितलं. बांधावर उज्ज्वला उभी होती. ती कधी आली ते मी बघितलं नव्हतं. मागे शेवंता, डोक्यावर पातेलं घेऊन.

शाळेच्या अंगणात पातेलं उतरलं. कुंपणाबाहेर गावातली चार माणसं थांबली होती. उज्ज्वलाने पळी घेतली. मी थाळी पुढे केली. तिने वाढलं. मी मातीत मांडी घालून खाल्लं. मीठ तेवढंच होतं, जिऱ्याची फोडणी तीच होती.

गुरुजी पोरांना म्हणाले, "ज्याला घरी जायचं त्यानं जावं. कुणावर जबरदस्ती नाही." काही पोरं गेली. त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्याही घरात एकेक माय होती. बंडू उभा राहिला. एकदा कुंपणाकडे बघितलं. मग हाताचा चिखल चड्डीला पुसून उज्ज्वलापुढे गेला.

"जरा जास्त वाढ," तो म्हणाला.

"आधी हात धू, घाणेरड्या," ती म्हणाली.

तो धावत हात धुवायला गेला. त्याच्यामागे रांग लागली.

सगळ्यांना वाढून झालं. उज्ज्वलाने स्वतःसाठी घेतलं नव्हतं. तिने पळी उलटी धरली, पातेल्याच्या काठावर ठोका मारला आणि ओरडली, "कोण राहिलं?"

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. बाप रजेवर घरी असताना तिने ते पाहिलं असणार. मी शेवंताकडे बघितलं. ती पदराने चूल पुसावी तसं उगाचच जमीन पुसत होती.

उज्ज्वला वाट बघत होती. उत्तर आल्याशिवाय ती जेवणार नव्हती. शेवटी बंडूच म्हणाला, "कुणी न्हाई राहिलं. जेव की आता."

ती थाळी घेऊन आईशेजारी बसली.

सोमवारी ती शाळेत आली. माझं ताट बरेच दिवस ओसरीवर होतं. मग एका सांजेला माय काही न बोलता ते आत घेऊन गेली आणि चुलीशेजारी जुन्या जागी मांडलं.

तेव्हापासून दर वर्षी ध्वजदिनाला शाळेत खिचडी शिजते. पोरं डेगची घेऊन त्या रानातून जातात आणि लोळतात. सगळ्यांचं वाढून झालं की कुणीतरी ठोका मारतं. त्या नदीकाठी आमचं जे विचारायचं राहून गेलं, ते ही पोरं विचारतात. सुदाम राहिला, असं मला म्हणायचं असतं, पण पोरंच "कुणी न्हाई राहिलं" म्हणतात, आणि मग सगळे जेवतात. सुदामला हेच आवडलं असतं.