येळवशीची फेरी आणि जनूदादांचा मीटर

जनूदादांच्या विजेच्या मीटरचा राखणदार मी होतो, आणि तो मीटर माझ्याच सहीनं गेला.

जनूदादा म्हणजे माझे घरमालक. तळोज्याजवळच्या नावडे गावचे मूळचे शेतकरी. त्यांच्या भातशेतीवर आता दोन मजली बिल्डिंग आहे, आणि तिच्या जिन्याजवळच्या खोलीत मी. मी उदगीरकडचा. आठवीत शाळा सोडली, तळोज्याला कारखान्यात पॅकिंगला लागलो. मला कावीळ झाली तेव्हा दादांच्या बायकोनं, वैनींनी, महिनाभर पथ्याचं ताट खोलीवर आणून दिलं. तेव्हापासून या दोघांनी काही सांगितलं की मी आधी करतो आणि मग घाबरतो. (कधीकधी उलट.)

तर गावात जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसवणं सुरू झालं. दादा उखडले. "गिऱ्हाईक मी हाय! मीटर कंचा लावाचा ता मी ठरवीन!" त्यांनी ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंचाकडे अर्ज टाकला. सुनावणीची तारीखही लागली. तोवर जुना मीटर जागचा हलता कामा नये, असं वकिलानं बजावलं होतं.

आणि दादा-वैनींना पनवेलकडे भंडाऱ्याला जायचं आलं.

"आज तुझी सुट्टी हाय ना? मंग हितंच बस," दादा म्हणाले. "कोनी आला तरी मीटरला हात लावू द्याचा नाय."

"दादा, पोलीस आले तर?"

"पोलीस कशाला येतील?"

"नाही, पण आले तर?"

"चल गो," दादा वैनींना म्हणाले, "याचा आयकत बसलो त भंडारा आटपंल!"

नेमकी त्या दिवशी येळवस होती. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळे रानात! कडब्याच्या खोपीत पूजा, भाज्या आणि डाळीदाण्यांची भज्जी, बाजरीची भाकरी, आणि गाडग्यात ताकाची आंबील. ती आंबील शिंपडत रानाला फेरी मारायची, मग पंगत. चार वर्षं मी ही पंगत फोनवर ऐकतोय. आई म्हणते, "ऐक, सगळे जेवायलेत," आणि फोन ताटांच्या मध्ये धरते.

मीही आंबील केली होती. स्टीलच्या तांब्यात. रान तेवढं नव्हतं.

अकराच्या सुमाराला दोघं आले. एकाच्या खांद्यावर अवजारांची बॅग, दुसऱ्याच्या हातात फॉर्म. मी कबड्डी खेळल्यासारखा दोन्ही हात पसरून मीटरपुढं उभा!

"मीटर बदलायचा नाही! केस चालू आहे!"

फॉर्मवाला माझ्याकडं बघतच राहिला. "कुठला रं तू?"

"उदगीर."

"आरं! मी अहमदपूरचा की! आन् येळवशीला हितं काय करायलालास?"

संपलं! त्या "करायलालास"नं माझे दोन्ही हात आपोआप खाली आले. चार वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं.

"आंबील घेतोस?" मी म्हणालो.

त्यानं तांब्यातनं पेलाभर घेतली, डोळे मिटले. "लसूण कमी हाय," म्हणाला. मग पेला परत पुढं करून, "पर आंबीलच हाय." मग एकदम, "फेरी मारलास का?"

"कुठं मारू? रान कुठाय?"

त्यानं वरखाली बघितलं. "ह्या बिल्डिंगखाली रानच असंल की!"

हे मात्र खरं होतं! दादांचं रान. ज्यांनी मला जगवलं त्यांच्या रानाला येळवशीची फेरी नको? मी तांब्या घेऊन पुढं, तो फेरीची आरोळी ठोकत मागं. पाण्याची टाकी, पार्किंग, दादांची स्कूटर, सगळ्यावर आंबील. दुसऱ्या मजल्यावरनं शेजारीण ओरडली, "आरं, काय शिपतास रं?"

"पीक चांगलं येऊ दे म्हणून, काकू!"

फेरी पुरी करून आलो तर बॅगवाला झाकणाचा शेवटचा स्क्रू पिळत होता. आत नवा मीटर लाल डोळा मिचकावत होता!

फॉर्मवाल्यानं सहीला फॉर्म पुढं केला. "मी भाडेकरू आहे रे," मी रडकुंडीला आलो.

"झालं ते झालं. येळवशीला दारात आलेल्याला रिकामं पाठवतोस व्हय?"

मी सही केली. पूर्ण नाव, वर गावाचं नावही.

दादा आले. नवा मीटर बघितला. ओरडले असते तर बरं झालं असतं. "सुनावनी होऊदे," एवढंच म्हणाले. "मंग तुझ्या खोलीचा बगू." मी बॅग भरली. आंघोळीला टॉवेल लागला म्हणून उपसली, परत भरली. आठवडाभर हेच.

सुनावणीत दादांच्या वकिलानं सांगितलं की भाडेकरूला दमदाटी करून सही घेतली. मंचाच्या मॅडमनी मला विचारलं, "धमकावलं तुम्हाला?"

"नाही मॅडम."

"मग सही का केली?"

"येळवस होती, मॅडम."

दादांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं, आणि मी सांगत सुटलो. खोप, भज्जी, फेरी, सगळं. आईचा फोन सांगताना मी माझा फोन टेबलाच्या मध्ये धरून दाखवला. वीज कंपनीचा वकीलसुद्धा लिहायचा थांबला.

मग मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ग्राहक जनार्दन पाटील आहेत. यांच्या सहीला काही किंमत नाही. जुना मीटर परत बसवा, मूळ तक्रार मग ऐकू."

"जितलो!" दादांनी भर खोलीत माझ्या पाठीत धपाटा घातला. "पोराच्या सहीला किंमत नाय म्हून जितलो!"

खोलीचा विषय परत निघाला नाही. पण वैनींनी आपला वेगळा निकाल दिला, "पुढच्या येळवशीला याला आईकडं धाडायचा. हितं ठेवला त पुऱ्या गावाचे मीटर देल." आणि खरंच कारखान्याच्या गेटवर गेल्या, माझा रजेचा अर्ज घेऊन.

अर्जावर सही दादांची आहे. माझी चालत नाही, हे आता शिक्क्याच्या कागदावर आलंय ना!