महिबूब मिस्त्रीचं नाक

२०२५ साल होतं आणि महिबूब मिस्त्री अडुसष्ट वर्षांचा होता. मी त्याच्यापेक्षा थोरला, म्हणून आधी मी जाणार हे आमच्यात ठरल्यासारखंच होतं. तिथंही तो पुढं पळाला. सकाळी त्याच्या लेकीचा, शबानाचा फोन आला, "काका, अब्बा गेले." मी तसाच रिक्षात बसलो. मयताला खांदा दिला, कबरीवर मूठभर माती टाकली आणि त्या दिवशी पोटभर रडलो. आज लिहायला बसलोय ते रडणं उरलंय म्हणून नव्हे. मला त्याच्याशी भांडायचं आहे, आणि तो तर उठून उत्तर देणार नाही... मग कागदावरच भांडतो.

मी चौथी शिकलेला माणूस, मैंदर्गीचा. उमेदीत अक्कलकोट ते मैंदर्गी शिटा भरून वडाप जीप चालवली, पुढं सोलापुरात आलो आणि लग्नाच्या भाड्याला बंद काचांची गाडी घेतली. तेव्हापासून महिबूबशी गाठ. शुक्रवार पेठेच्या मागच्या बोळात त्याचं गॅरेज. त्याची एक रीत होती. गाडीत कसला वास येतोय, काच आतून धुरकट होतीय, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की तो बॉनेटला हातसुद्धा लावायचा नाही. गाडी संध्याकाळीच त्याच्या दारात लावायची, काचा पूर्ण वर करायच्या, मोगऱ्याचा गजरा, उदबत्ती, अत्तर सगळं काढून न्यायचं. सकाळी दार तोच उघडणार. एकदा एका गिऱ्हाइकानं चष्मा राहिला म्हणून आधीच दार उघडलं, तर महिबूब कडाडला, "रातभरचा वास सोडून दिलास की बे! जा, उद्या ये." मग एकटा आत बसायचा, दार लावायचा, डोळे मिटायचा. बाहेर आम्ही सगळे देवळात उभं राहिल्यासारखे गप.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डॅशबोर्डच्या मागं हिटरची छोटी जाळी असते. इंजिनचं गरम पाणी तिच्यातनं फिरतं, आणि त्या पाण्यात इंजिन थंड ठेवणारं कूलंट मिसळलेलं असतं. ती जाळी पाझरायला लागली की वाफ गाडीत शिरते, काच आतून धुरकटते, आणि गुळाचा पाक चुलीवर असावा तसा गोडसर वास येतो. नुसता माणसांच्या श्वासाचा दमटपणा असेल तर एसी लावला की काच लख्ख. कूलंट असेल तर पुसल्यावरही तेलकट ओघळ राहतो. पण बोटाला तेलकट लागेपर्यंत गळती जुनी झालेली असते. नाकाला ती पहिल्याच दिवशी कळते. तिथं महिबूब राजा होता. जाळी बाजूला टाकून दोन्ही पाइप एकमेकांना जोडून द्यायचा आणि म्हणायचा, "सोलापुरात हिटर कशाला पाहिजे बे? वर बघ की, केवढा टांगलाय!"

मग ती तापाची साथ आली, सगळे घरात कोंडले गेले. महिबूबही चांगलाच आजारी पडला, पण उठला. आणि त्यानंतर एक नवीनच सुरू झालं. अधूनमधून त्याचा फोन यायचा, "शिवाप्पा, चहा प्यायला ये." गेलो की दारात बंद गाडी उभी. मला शेजारी बसवायचा, दार लावायचा. "बोल, काय येतंय?" मी नाक वर करून ओढायचो. गोड येतंय म्हटलं की, "बरोबर!" उंदीर मेलाय म्हटलं की, "बरोबर!" एकदा रबर जळल्यासारखं वाटतंय म्हणालो तर माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "हौ, शिकलास की बे. आता हातात पान्हा घे." शाळेत कधी कुणी मला बरोबर म्हटलं नव्हतं. मी छाती काढून घरी यायचो. माझा मुलगा बसवराज आता गाडी चालवतो, त्याला सांगायचो, महिबूबनं मला शिकवायला घेतलंय. तो हसायचा, "अप्पा, सत्तरीत ॲडमिशन?"

गेल्या थंडीत आमच्याच गाडीची काच धुरकटायला लागली. बसू म्हणाला, अप्पा, गोडसर वास येतोय. मला सर्दी, नाक गच्च. गाडी रीतीप्रमाणं नेऊन लावली. सकाळी महिबूब आणि मी आत बसलो. "बोल, काय येतंय?" मी म्हटलं, "काय न्हाई रे, नाक बंद हाय." तो बराच वेळ डोळे मिटून बसला... मग खाली उतरून म्हणाला, "काही नाही. पायातलं मॅट ओलं आहे, उन्हात टाक." बसू म्हणाला, "पण चाचा, मला येतोय की वास." मीच अंगावर गेलो, "तू गप. मिस्त्रीचं नाक हाय ते!"

थोड्याच दिवसांत भर लग्नसराईत अक्कलकोट रोडला गाडी तापून इंजिन जाम झालं. आत नवरीकडची माणसं. बसू उन्हात उभा राहून त्यांच्या शिव्या ऐकत होता. घरी आल्यावर मी म्हटलं, तूच पाणी बघितलं नसशील. तेव्हापासून पोरगं माझ्याशी कामापुरतंच बोलायचं. महिबूबनं मात्र तोंडातून शब्द न काढता स्वतः इंजिन खोललं, बांधून दिलं. मला वाटलं, केवढं मोठं मन! माझ्या पोराची चूक पोटात घालतोय.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी मी त्याच्या घरी बसलो होतो. आतून दूध करपल्याचा वास आला. शबाना धावली, पातेलं उतरवलं आणि डोळे पुसत हसली. "अब्बा असते तर त्यांना कळलंही नसतं, काका. त्या तापात नाक गेलं ते परत आलंच नाही की."

"कुणाचं नाक?"

"अब्बांचं. तुम्हाला माहीत नव्हतं? ते तर म्हणायचे, शिवाप्पा आहे ना, तेच माझं नाक."

ती मायेनं बोलली. मी कप तसाच खाली ठेवला.

म्हणजे ते सगळे 'बरोबर' त्यानं कशाच्या जोरावर म्हटले? मी परीक्षा देत होतो आणि मास्तरालाच उत्तर ठाऊक नव्हतं. मला चेला केला, आणि वापरला. मागितलं असतं तर रोज येऊन बसलो असतो की त्याच्या शेजारी... नाही म्हणणारा माणूस होतो का मी? आणि त्या दिवशी तर दोघांचीही नाकं बंद होती, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी माझ्या पोरासमोर डोळे मिटून बसला. जाळीतनं पाणी गळत राहिलं, आणि बोल पोराला लागले. लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरलाय.

घरी आलो आणि आपसूक गाडीच्या काचा वर केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर समोरची काच खालच्या बाजूला थोडी धुरकट. शबानाच्या घरून आल्यापासून मला तो गोड वास सगळीकडं येतोय, चहात, अंथरुणात. खरा कुठला ते समजेना. बसू बादली घेऊन गाडी धुवायला आला. म्हटलं, "थांब. दार तू उघड. बस आत." मी शेजारी बसलो, दार ओढून घेतलं. "काय येतंय?"

त्यानं मग श्वास घेतला. "काही नाही. तुमच्या डोक्याच्या तेलाचा वास येतोय." काचेवरून बोट फिरवून माझ्यापुढं धरलं. नुसतं पाणी होतं.

'बरोबर' माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "मला कळंना झालंय, बसू. म्हणून इचारलं."

एवढंच तू बोलायचं होतंस की रे, महिबूब.