दोन नंबर मोठा
“हिले दोन नंबर मोठा दे गा, हा अंगाले चिकटून राहिला,” पडद्यापलीकडे आत्या दुकानदाराला सांगत होती. नव्या रबराचा वास आला की धरमपेठेतलं ते दुकान अजून आठवतं. अंदमानला डायव्हिंगला जायचं होतं, म्हणून मी अंगाला घट्ट बसणारा रबरी वेटसूट घालून पाहत होते. आमच्या घरी मुलींचे कपडे ढगळच घेतले जायचे. “यावर ओढणी बांधता येते काय?” आत्यानं विचारलं आणि दुकानदार हसला. कोमट समुद्राला पातळ सूट पुरतो, पण सैल असला तर आत पाणी खेळतं आणि थंडी वाजते, हे मला माहीत होतं. एरवी मी मान डोलावली असती. त्या दिवशी मी तशीच पडद्याबाहेर आले आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले, “आत्या, पाण्यात मी उतरणार आहे. मला हाच पाहिजे.”