पोरीला विचारतात कुठं!

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे माझे मोठे दीर. इस्लामविषयी त्यांना सगळं माहीत आहे. कुठून माहीत आहे, ते विचारायचं नाही. हातात मोबाइल असतो आणि सकाळी संडासात बसायला भरपूर वेळ असतो, एवढं शिक्षण त्यांना पुरतं.

चिखलोलीची ही जमीन आमचीच होती. बिल्डरने घेतली, बदल्यात फ्लॅट दिले, आणि भाताच्या खाचरात राबणारे आम्ही लिफ्टमधून वर-खाली करायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर मी, तिसऱ्यावर दीर, जाऊबाई आणि त्यांची लेक. माझ्या शेजारच्या दारात भाभी. भाभी कल्याणच्या खाडीकडच्या, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलतात. तरी दर नवीन भाडेकरू त्यांना तोंड वर करून सांगतोच, "अय्या, तुम्ही किती छान मराठी बोलता!" भाभी म्हणतात, "तुम्हीपण."

मागच्या वर्षी भाभींनी मुलीच्या निकाहसाठी सोसायटीचा हॉल मागितला. तिथे सत्यनारायण होतो, बारसं होतं, बुद्धपौर्णिमेला खीरदान होतं. ज्याचा फ्लॅट त्याला हॉल, असा नियमच आहे. पण अर्ज भाभींचा म्हटल्यावर दिरांनी मीटिंग लावली.

काय ती मीटिंग! एक म्हणाला, हे लोक कंपाउंडमध्ये बोकड कापतील. अरे मेल्या, तू आगरी ना? तुझ्या भावाच्या हळदीला याच कंपाउंडमध्ये मटणाचे टोप चढले होते आणि डीजेने वरच्या मजल्यांच्या काचा हलत होत्या. दुसरा म्हणाला, त्यांच्यात चार-चार बायका करतात. हा माणूस बदलापूरला दुसरं घर चालवतो, आणि हे त्याची बायको सोडून सगळ्यांना माहीत आहे. तळमजल्यावरच्या बाई तर घाबऱ्याघुबऱ्या होऊन म्हणाल्या, "ते अरबी मंत्र आपल्या कानावर पडले, की आपण त्यांच्यात जमा होतो म्हणे!" तसं असतं तर रोज पाच वेळा अजान ऐकणारं निम्मं उल्हासनगर एव्हाना नमाज पढत असतं. मी तसं म्हटलं, तर बाई तोंड फिरवून बसल्या.

भाभी कोपऱ्यात शांत बसून ऐकत होत्या. एकाने "तुम्ही त्या मोहंमद पैगंबरांची पूजा करता ना?" असं विचारलं तेव्हा फक्त बोलल्या, "नाही हो. ते माणूस होते, देवाचा निरोप आणणारे. पूजा एका अल्लाचीच." त्यावर तो "तेच ते" म्हणाला. तेच ते! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

शेवटी दीर उभे राहिले. "माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे," म्हणाले. "मी पोरीचा बाप आहे. त्यांच्यात पोरीला विचारतात कुठं! दावणीची गाय सोडून दुसऱ्याच्या गोठ्यात बांधतात. आपल्या हॉलमध्ये असला प्रकार नाय पाहिजे."

माझं डोकंच सणकलं. कारण आदल्याच संध्याकाळी याच पोरीच्या बापाची पोर माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. तिचं लग्न दिरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मुलाकडे जमीन, गाडी, गाडीवर सोन्याच्या रंगात लिहिलेलं आडनाव. साखरपुडा पुढच्या महिन्यात. "काकी, तो फोनवर नुसत्या ऑर्डरी सोडतो गं," ती म्हणाली होती. "हा फोटो काढून टाक, त्या मैत्रिणीशी बोलू नको. मला नाही करायचं. पण बाबांनी एकदाही विचारलं नाही, तर मी नाही म्हणू तरी कधी?"

कुणाला सांगायचं नाही अशी तिची शपथ होती म्हणून मी मीटिंगमध्ये गिळून बसले. एवढंच म्हणाले, "भाऊजी, हॉल नाकारायचा तर आधी आपल्या हळदीचा हिशोब मांडू. सगळ्यांसमोर." हॉल मिळाला. वर दिरांनी अट घातली, आत काही कापायचं नाही. भाभी म्हणाल्या, "केक पण नाही का?"

निकाहला आम्ही सगळे गेलो. बिर्याणीचं बोलावणं असलं की धर्म बुडत नाही, हे आमच्याकडे फार जुनं शास्त्र आहे. तळमजल्यावरच्या बाईसुद्धा आल्या. कानात कापूस घालून आल्या, देवाशप्पथ. हॉलमध्ये मधोमध पडदा होता. पलीकडे पुरुष, अलीकडे आम्ही बायका. नवरी हिरव्या शालूत बसली होती. ती अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी पुतणी.

थोड्या वेळाने काझी, नवरीचा मामा आणि दोन साक्षीदार पडद्याच्या अलीकडे आले. मामाने नवऱ्याचं नाव घेतलं, मेहर किती ते सांगितलं, म्हणजे नवऱ्याने तिला द्यायची, तिच्या एकटीच्या हक्काची रक्कम. मग विचारलं, "बेटा, तुला कबूल आहे?"

नवरी गप्प.

मला वाटलं लाजली. मामाने पुन्हा विचारलं. तेव्हा तिने मान वर केली आणि स्पष्ट म्हणाली, "सकाळी त्यांचे काका म्हणत होते, आता नोकरीचं काय काम. माझं आधी ठरलंय, मी नोकरी सोडणार नाही. ते त्यांना आत्ता विचारून या. मग मी सांगते."

आता लफडा होणार. पण काझींच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. "बरोबर आहे, शर्त घालायचा तिला हक्क आहे," म्हणाले, आणि मामाला पलीकडे पाठवलं. अख्खा हॉल थांबला. पडद्यापलीकडून दिरांचा आवाज आला, "काय अडलंय? जेवण गार होतंय." कुणीतरी शांतपणे उत्तर दिलं, "मुलीचा होकार यायचाय. त्याच्याशिवाय निकाह होत नाही."

पुतणीने माझा हात एवढा घट्ट धरला की बांगड्या रुतल्या.

मामा परत आला. नवऱ्याने साक्षीदारांसमोर कबूल केलं होतं. तेव्हा कुठे नवरी म्हणाली, "कबूल आहे." मग पलीकडे नवऱ्याचं "कबूल" झालं, दुआ झाली, खारका वाटल्या. मी भाभींना मिठी मारून म्हटलं, "वाघीण आहे हो तुमची." भाभी डोळे पुसत म्हणाल्या, "वहिनी, आमच्यातही धाकाने 'हो' वदवून घेणारे बाप आहेत. खोटं कशाला बोलू? पण तो त्या बापांचा गुन्हा. धर्म सांगतो, विचारा."

त्या रात्रीचं जेवण कुणालाच नको होतं, तरी जाऊबाईंनी सवयीने डाळभात मांडला. मी आणि माझा नवरा वर गेलो होतो. दीर ढेकर देत बसले होते. पुतणी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मला कधी विचारणार?"

"काय?"

"मला कबूल आहे का, ते."

दीर हसले. "ते त्यांच्यात असतं गो. आपल्यात नाय असं काय."

सांगते, त्या क्षणी मला या माणसाची कीव आली नाही, नुसती किळस आली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! पंधरा दिवसांपूर्वी छाती फुगवून बोललेलं वाक्य यांना आठवतही नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पोरच बोलली, "मग न विचारता सांगते. मला नाही करायचं."

दिरांचा आवाज चढला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही तुझी शिकवणी. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी विचारलं नाय, कुणाचं काय वाईट झालं? विचार तुझ्या आईला!"

जाऊबाई भात वाढत होत्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, नवऱ्यासमोर त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी पळी पातेल्यात ठेवली.

"मला विचारलं असतं," त्या म्हणाल्या, "तर मी नाहीच म्हणाले असते."

दीर ताटावरून उठले. दोन दिवसांनी त्यांनी मुलाकडच्यांना फोन करून पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं. ग्रहांवर ढकललं, पण मोडलं एकदाचं.

सुधारले म्हणता? छे! परवाच्याच मीटिंगमध्ये इस्लामवर पुन्हा व्याख्यान झालं. बोकड झाले, चार बायका झाल्या, अरबी मंत्रही झाले. मग दिरांनी बोट वर केलं, "आणि त्यांच्यात पोरीला..." म्हणाले, आणि दारात उभ्या असलेल्या जाऊबाईंकडे नजर जाताच पाण्याच्या टाकीचा विषय काढला.