अल ऐनच्या वाटेवर घसरलेला क्लच

दुबईहून अल ऐनला तुम्ही आज दीड तासात पोचता. साठच्या दशकात आम्ही पहाटे फजरची नमाज पढून निघायचो आणि दिवस कलता, असरच्या नमाजेपर्यंत पोचलो तर अल्हम्दुलिल्लाह म्हणायचो. डांबरी रस्ता नव्हता, टायरांच्या खुणा होत्या.

निघायचं ठरलं ते एका ट्रकवाल्याने आणलेल्या निरोपामुळे. माझी धाकटी बहीण सफिया अल ऐनला होती. पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले. अम्मा रत्नागिरीला, आगबोटीने ती येईपर्यंत बाळ रांगायला लागलं असतं. म्हणजे जायचं मीच.

आमच्या ह्यांनी त्यांच्या शेठची जुनी मोटार विकत घेतली होती. पेट्रोलचा डबा, पाण्याचे दोन डबे, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी घेतली. वाटेत विकत काही मिळत नसे. तेवढा खर्च वाचला.

दुपारच्या आत मऊ वाळू लागली. टायरमधली थोडी हवा सोडली, तशी गाडी चालली. मग इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र जेमतेम सरकत होती. रेडिएटर उकळला, जळका वास सुटला. हे म्हणाले, इंजिनाचा दम गेला. प्लग काढून पुसले, इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं घातलं. फरक नाही. रेडिएटर भरता भरता पाण्याचा एक डबा संपला. मला सारखी सफिया दिसत होती.

दुपारच्या नमाजेची, जुहरची वेळ झाली. उरलेलं पाणी प्यायला आणि गाडीला लागणार, म्हणून वुजूच्या पाण्याऐवजी वाळूवर हात टेकून तयम्मुम केला आणि गाडीच्या सावलीत नमाज पढले. उठल्यावर ह्यांना म्हटलं,

“अहो, इंजिन ओरडतंय म्हणजे दम आहे. माझ्या शिलाई मशीनचा पट्टा सैल झाला की चाक फिरतं, सुई हलत नाही.”

“गाडी पट्ट्यावर चालत नाही, बाई.”

“मग इंजिन आणि चाकांच्या मधे काय असतं?”

हे उठले. आत बसले, हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकून क्लच सोडला. क्लच धरत असता तर इंजिन बंद पडायला हवं होतं. ते आरामात चालत राहिलं. क्लच घसरत होता. पेडल हाताने दाबलं तर जरासुद्धा ढील नाही, म्हणजे पाय काढला तरी क्लच पुरता बसत नव्हता.

हे गाडी शिकले कोकणातल्या घाटात. चढावर गाडी मागे जाऊ नये म्हणून डावा पाय कायम क्लचवर. वाळवंटातही तो तिथेच. क्लचची प्लेट झिजली, तशी पेडलची ढील संपली होती. गार झाल्यावर त्यांनी खाली शिरून क्लचच्या दांड्याचा नट सैल केला, पेडलला बोटभर ढील दिली. जुनी गाडी घेणाऱ्यांनी ही ढील आधी तपासावी.

“आता पाय खाली ठेवा.”

“सवय आहे गं.”

“माझ्या चपलेवर ठेवा, पण क्लचवर नको.”

सूर्य बुडाल्यावर, मगरिबला पोचलो. सफिया कळा सोसत होती. माझा हात धरून म्हणाली, “आपा, तुझ्या ओढणीला कसला जळका वास येतोय?” सकाळी मुलगी झाली.

सफियाचं चाळिसाव्या दिवसाचं न्हाणं उरकल्यावर हे गाडीला नवी प्लेट घालून मला न्यायला आले. दुबईपर्यंत वाळूचे डोंगर मी पाहिलेच नाहीत. ह्यांचा डावा पाय पाहत होते.

आता तीच भाची मला अल ऐनला नेते. तिच्या ऑटोमॅटिक गाडीला क्लचच नाही. तरी बसल्या बसल्या माझी नजर खाली जाते.