चौदा दिवसांचं दुखणं

कारखान्यात त्याला सगळे सूतभर म्हणत. तीस वर्षं लेथवर काढलेली. मापात सूतभर फरक पडला की हातचा जॉब स्वतःच मोडीत टाकायचा. आतड्याला सूज आली, दोन वर्षं रक्त पडत राहिलं, तेव्हाही रजा घेतल्या मोजून अकरा. औषधांनी सूज गेली. दुर्बिणीतून पाहिलं, आतडं साफ. पोट दुखायचं मात्र थांबलं नाही.

"रिपोर्टात काही नाही," कारखान्याचा डॉक्टर म्हणाला. "बसून काम हवंय, म्हणून सोंगं करू नका."

ते त्याच्या जिव्हारी लागलं.

मोठ्या इस्पितळात अशाच लोकांवर संशोधन चाललं होतं. सूज गेल्यावरही पोट का दुखतं, ते शोधायचं. निवड झाली तर दुखणं खरं असल्याचा कागद मिळणार होता. त्या कागदावर स्टोअरमधलं बैठं काम मिळालं असतं.

नर्सने वही दिली. चौदा दिवस, रोज पोट किती दुखलं त्याचा शून्य ते दहामधला एक आकडा लिहायचा.

"दहा म्हणजे किती?"

"काका, कल्पना करता येईल तेवढं सगळ्यात जास्त."

कल्पना कशाला? सूज होती तेव्हा एकदा आतडं अडलं, त्या दिवशी तो मशीनशेजारी गुडघ्यांवर पडून गुरासारखा ओरडला होता. ते दहा. त्याच्याशी ताडून तो लिहू लागला. जेवण उलटून पडलं, पाठ सरळ होईना, तरी शिफ्ट पुरी झाली. तीन.

"तीन?" बायको म्हणाली. "आल्यापासून पोटाशी गरम पिशवी धरून पडलात, आणि तीन?"

"तीनच आहे."

"मेलात तर साडेतीन लिहाल."

पंधराव्या दिवशी नर्सने सरासरी काढली. पावणेतीन. निवडीला निदान चार लागत होते. बाकावर शेजारी बसलेल्या शिंप्याने रोज आठ लिहिले होते. त्याची निवड झाली. त्याचंही खोटं नव्हतं, दहा त्याने कुठे धरले एवढाच फरक.

"आता आकडे बदलता येत नाहीत हो, काका."

"बदला म्हणतंय कोण?"

सोमवारी फोरमनने विचारलं, "घेतलं का रे?"

"नाही."

"बघ. पोटदुखी शोधणाऱ्यांनाही तुझी सापडली नाही."

"सापडली. पावणेतीन."

"तेवढं तर माझं पोट साहेबाचं तोंड बघूनच दुखतं."

हशा पिकला. तोही हसला असता, पण हसलं की कळ यायची. त्याने जॉब लेथच्या चकमध्ये आवळला आणि उभ्यानेच शिफ्ट सुरू केली.